भस्माला टँकर लागत नाही

मी मुळात संशयी माणूस. भाजीवाल्याने मेथीची जुडी हातात ठेवली की मी ती आधी उलटी करून बघतो. रिक्षाचं मीटर, डॉक्टरांचं निदान, पाहुण्यांचं कौतुक, यांतलं काहीच मी सरळ घेत नाही. कोल्हापूरच्या कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवत होतो तेव्हा मुलं मला मागून ‘पंचनामा सर’ म्हणायची, आणि मला ते माहीत होतं. म्हणूनच धाकट्या बहिणीने, सुनंदाने, ऐन उन्हाळ्यात मला मराठवाड्यात पाठवलं.

तिच्या मुलीने, गौरीने, पुण्यात नोकरी करता करता एक मुलगा पसंत केला होता. मल्लिकार्जुन त्याचं नाव. मूळचा मुखेडचा, आमच्यासारखाच लिंगायत, शिकलेला, निर्व्यसनी. सगळं जमत आलं आणि कुणीतरी सुनंदाच्या कानात घातलं की मुलाचे वडील सगळं विसरलेत, पन्नाशीतच विसरायला लागले, आणि आजोबाही तसेच होते म्हणे. सुनंदा रडायला लागली. गौरी म्हणाली, “मला फरक पडत नाही.” सुनंदा म्हणाली, “मला पडतो. दादा, तू त्यातला जाणकार. तू बघून ये आणि हो किंवा नाही सांग.”

प्रश्न सोपा नव्हता. अल्झायमर दोन वाटांनी येतो. एक म्हातारपणाची वाट, पासष्टीच्या पुढची. बहुतेक सगळे त्याच वाटेने जातात. दुसरी वाट फार थोड्या घरांची. तिथे तो चाळिशी-पन्नाशीत येतो, बापाकडून मुलाकडे उतरतो, आणि उतरण्याची शक्यता नाणं उडवण्याइतकी असते. मुखेडच्या घरात यांपैकी कोणती वाट होती, एवढंच मला शोधायचं होतं. वडिलांना नक्की कितव्या वर्षी सुरू झालं आणि आजोबांना खरंच झालं होतं का, ही दोन उत्तरं हवी होती.

प्रवासात जे घडलं ते मी इथे तेव्हा मला जसं वाटलं तसंच लिहितो आहे. नंतर काय वाटलं ते नंतर येईलच.

औसा

सोलापूरहून निघालेल्या एसटीच्या खिडकीतून तासभर फक्त ढेकळं दिसत होती. औशाला उतरलो तेव्हा ऊन इतकं होतं की किल्ल्याकडे मान वर करून बघवेना. मल्लिकार्जुनच्या वडिलांचे एक जुने स्नेही इथे आडतीच्या धंद्यात आहेत असं कळलं होतं. मी बाजारात जाऊन त्यांच्या दुकानात तुरीचा भाव विचारत बसलो. माझ्या मते नाटक उत्तम वठलं होतं.

शेटजींनी चहा मागवला. पाणी मागितलं तर म्हणाले, “चहाच घ्या सर. चहाला कमी लागतंय.” मग पायाची घडी घालून शांतपणे विचारलं, “मुलीकडचे का मुलाकडचे?”

मी गडबडलो. “नाही, तूर…”

“अवं, तूर घ्यायला आलेला माणूस आधी मूठभर तूर उचलून दाताखाली घालतो. तुमी मघापासून माझ्या तोंडाकडं बघून राहिले.”

नाटक संपलं. मी सरळ विचारलं. ते म्हणाले, “शिवलिंगप्पा ना? लई भोळा माणूस. हाव, आता ओळखत न्हाई मला. मागं गेलतो तर मलाच इचारलं, कापड कोणतं दाखवू.” मी वय विचारलं. ते म्हणाले, “माझ्या वर्गातलाच की. कागदावर चौसष्ट असंल. सात-आठ वर्सं झाली ह्या दुखण्याला.” मी मनात वजाबाकी केली आणि दुसरी वाट दिसायला लागली. छप्पन-सत्तावन. आजोबांचं विचारलं तर मात्र त्यांनी हात झटकला, “त्यांचं काय ठाऊक न्हाई बा.” हे ‘ठाऊक नाही’ मला फार लवकर आलेलं वाटलं.

लातूर

त्या दिवसांत, दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात, लातूरला आमच्या मिरजेहून रेल्वेने पाणी जात होतं. आमच्या कृष्णेचं पाणी डब्यांतून येतंय, म्हणून लातुरात मला थोडं माहेरच्या माणसासारखं वागवतील, अशी माझी वेडी समजूत होती. लॉजच्या मॅनेजरने किल्ली देतानाच सांगितलं, “सकाळी एक बादली. दुसरी मागायची न्हाई, मागितली तर मिळणार न्हाई.”

सकाळी बादली आली. मी ती न्हाणीत ठेवली आणि आंघोळ परत आल्यावर करू असं ठरवून खाली उतरलो. कोपऱ्यावरच्या हॉटेलात सुशीला खाल्ला. आमच्याकडे चुरमुरे भडंगात नाहीतर भेळेत जातात. इथे ते भिजवून, पिळून, फोडणीत परततात आणि वर शेंगदाण्याचं कूट पेरतात. पदार्थ उत्तम होता. चुरमुरे भिजवायला पाणी कुठून आणलं हे मी विचारलं, तेव्हा हॉटेलवाल्याने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. पुढे चौकात घागरींची रांग होती, माणसं सावलीत आणि घागरी उन्हात. रांगेजवळ पोलीसही उभा होता.

परत आलो तर बादली रिकामी.

मी तडक खाली जाऊन मॅनेजरला धरलं. कुणाला विकलं पाणी, शेजारच्या खोलीत दिलं का, असं बरंच काही बोललो. तो सुरुवातीला नम्र होता. “सर, तुमी आंगोळ करूनच खाली गेलते. केस वले होते तुमचे.”

“घामाने ओले होते.”

“मंग टावेल बघा ना. वला असंल.”

“म्हणजे मी चोर? माझी बॅग मी तुमच्यासमोर उघडू?”

“ऱ्हाऊ द्या मंग,” तो म्हणाला, आणि त्या ‘राहू द्या’त त्याने माझी कीव केल्यासारखं मला वाटलं. मी सामान उचललं आणि बिनआंघोळीचा स्टँडवर आलो. दिवसभर अंग चिकट वाटत होतं. कृष्णेचं पाणी लातुरात चोरीला जातं, हे वाक्य मी सुनंदाला फोनवर दोनदा ऐकवलं.

उदगीर

उदगीरला गाडी बदलायची होती. स्टँडसमोर भला मोठा फलक होता, उदगीर जिल्हा झालाच पाहिजे. शेजारी उभ्या असलेल्या धोतरवाल्या आजोबांना मी विचारलं, जिल्हा झाला तर काय होईल. ते म्हणाले, “लातूर झाला तवा आमीबी असंच इचारलतं. हापिसं आली, साहेब आले. पाऊस जुनाच हाय.”

या भागात काळ मोजायची पद्धत निराळी आहे. कुणी सन सांगत नाही. ‘पोलीस ॲक्शनला मी पाळण्यात होतो’, ‘बहात्तरच्या दुष्काळात लगीन झालं’, ‘जिल्हा झाला तवा थोरला शाळेत गेला’. मला वाटलं, इथे वय शोधणं म्हणजे वाऱ्याची मोट बांधणं आहे. पुढे माझं काम याच पद्धतीने केलं.

मुखेड

मुखेडला बाजाराचा दिवस होता, पण बाजार हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. कापडाचं दुकान सगळ्यांना माहीत होतं. दुकान आता मल्लिकार्जुनचा चुलता बघतो, घर मागेच. मी येणार हे त्यांना कळलेलं होतं, म्हणजे औशाच्या शेटजींनी फोन केला होता. मला वाटलं, झालं, आता सगळं सारवून ठेवलेलं असणार.

दारात मल्लिकार्जुनच्या आई उभ्या होत्या, महादेवीबाई. ठेंगण्या, कपाळावर भस्माच्या रेघा, आवाज मोकळा. “शरणार्थ सर. या, बसा. ऊटा आयता? जेवलात का?” सीमेजवळच्या घरांत कानडी अशी मध्येच डोकावते; कोल्हापूरकराला ती परकी वाटत नाही. पेला अर्धाच भरून मिळाला. न्हाणीच्या दारात पाण्याचा निळा ड्रम होता आणि ड्रमच्या झाकणाला चक्क कुलूप. पाहुण्यासमोर पाण्याला कुलूप! मी मनात नोंद केली, घर कंजूष.

तेवढ्यात शिवलिंगप्पा बाहेर आले. गोरे, उंच, धोतर स्वच्छ, आणि कपाळ, दंड, छाती सगळं भस्माने पांढरं. डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन ते बसले आणि पूजा करू लागले. सुंदर पूजा होती, एकही गोष्ट मागेपुढे नाही. पूजा संपवून त्यांनी लिंग गळ्यात बांधलं, माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, “या साहेब, कापड कोणतं दाखवू?” थोड्या वेळाने उठले, आत गेले, पुन्हा भस्म लावून आले आणि तीच पूजा पहिल्यापासून. दुपारपर्यंत हे असं चालू होतं. एवढं अवडंबर कशासाठी, पाहुण्यांवर छाप पाडायला का, असंही माझ्या मनात येऊन गेलं.

जेवण पत्रावळीवर होतं, भांडी घासायला पाणी नको म्हणून. ज्वारीची भाकरी, भाजून दळलेल्या मसाल्याची, म्हणजे येसराची, आमटी, शेंगदाण्याची चटणी. आमच्याकडच्या तिखटाचा मला गर्व आहे. येसराने तो उतरवला. जेवल्यावर पाय मोकळे करायला बाहेर पडलो तर शेजारचे गंगाधरराव जणू वाटच बघत होते.

“पोरीकडचे ना तुमी? एक सांगू का? ह्या घराचं टँकरवाल्याशी साटंलोटं हाय. अख्खी गल्ली घागरीला बेजार, आन् शिवलिंगप्पा दिवसातून चार-चारदा आंगोळ. वले केस घेऊन वट्यावर बसायचा! आता बाहेर येऊ देत न्हाईत, एवढंच.”

मला असा माणूस सापडला की आनंद होतो. वैऱ्याच्या तोंडून निघालेलं चांगलं खरं असतं, हा माझा जुना ठोकताळा. मी सहज विचारलं, “यांचे वडीलही असेच विसरभोळे होते का हो?”

“त्यो म्हातारा? इसरभोळा? अवं, लई बेरकी! ऐंशीच्या पुढं गेला, मरेपस्तोर ध्यान होतं त्येला. माझ्या लग्नाचं कापड कोणतं, किती वार, बायकोच्या लुगड्याचा काठ कसला, समदं सांगायचा. मी लहानपणी दुकानातली गोटी उचललेलीबी त्यानं ध्यानात ठेवली शेवटपर्यंत. मी त्याच्या मयताला गेलो न्हाई बगा.”

आजोबांचा प्रश्न मिटला. मी घरात आलो ते अर्धा हलका होऊन आणि अर्धा चिडून. महादेवीबाईंना सरळ म्हणालो, “ताई, ड्रमला कुलूप आणि माणसाला चार आंघोळी, हे काय आहे?”

त्या रागावल्या नाहीत. पदराने हात पुसून समोर बसल्या. “सांगते. लिंगपूजा आंगोळीबिगर होत न्हाई, तुम्हाला ठावं हाय. ह्येनी पूजा करायचे, इसरायचे. मंग पूजा ऱ्हायली म्हणून जीव घाबरायचा. पुन्ना न्हाणीत. एका दिवसात ड्रम रिकामा केला ह्येनी. पोरं तहानली, मी रडले. कुलूप घातलं तर दाराला डोकं आपटायला लागले, ‘माझी पूजा चुकली’ म्हणून.”

“मग?”

“मंग मला सुचलं. लहानपणी आमचे स्वामी सांगायचे, भस्म लावणंबी आंगोळच हाय. आता ह्येनी न्हाणीकडं निघाले की मी हातावर भस्म ठेवते. आंगभर लावतात, पूजेला बसतात, शांत ऱ्हातात. दिवसातून कितीबी येळा करू द्या. भस्माला टँकर लागत न्हाई.”

 मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त त्या बाईंबद्दल माया वाटली.

मग त्यांनीच विचारलं, “सर, तुमी शिकलेले. ह्येंच्या डोक्यात झालंय काय नक्की? डॉक्टर निसतं इंग्रजी सांगतात.”

कापडाच्या दुकानावर जगणाऱ्या घरात सांगणं सोपं होतं. मेंदूच्या पेशीला एक प्रथिन टोचून बसवलेलं असतं, ताग्यातून लोंबणाऱ्या कापडासारखं. ते वेळोवेळी कापावं लागतं. कापणाऱ्या कात्र्यांना आम्ही विकर म्हणतो. मुलं एन्झाईम म्हणतात. एक कात्री बरोबर मधून कापते, तिचा त्रास नाही. पण दुसऱ्या दोन कात्र्या, एक वरून आणि एक खालून, अशा कापतात की मधली चिंधी सुटते. ती चिकट असते. चिंधीला चिंधी चिकटते, त्याचे थर बसतात आणि पेशी गुदमरतात. चिंध्या झाडून नेणारी विकरंही असतात. तरुणपणी झाडू जोरात चालतो, वय झालं की मंदावतो.

“म्हंजी कात्री खराब का झाडू?”

इतका नेमका प्रश्न मला वर्गात क्वचितच कुणी विचारला असेल. “बहुतेक म्हाताऱ्यांचा झाडू मंद होतो. काही थोड्या घरांत मात्र कात्रीच जन्मतः वाकडी असते. तिथे चाळिशी-पन्नाशीतच सुरू होतं, आणि ती कात्री मुलांकडे जाऊ शकते. मी तेच बघायला आलोय.” बोलून गेलो आणि जीभ चावली.

“मला ठावं हाय,” त्या म्हणाल्या. “कात्री बांधून ठेवायचं औषिद न्हाई का?”

“करून पाहताहेत. पण तीच कात्री अंगात दुसरीही कामं करते. बांधली की तिकडे खोळंबा होतो.”

त्या ‘हं’ म्हणाल्या. मग मी वयाचं विचारलं. कागदावर चौसष्ट. त्या म्हणाल्या, कागद खोटा आहे. पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी शाळा उर्दूची मराठी झाली, थोराड पोरांना पुन्हा पहिलीत बसवलं आणि मास्तरांनी सगळ्यांची जन्मतारीख एक जून टाकून वयं कमी लिहिली. हे ऐकून माझा संशय पुन्हा ताठ उभा राहिला. सोयीची गोष्ट आहे, म्हटलं. कोण सिद्ध करणार?

सिद्ध केलं शिवलिंगप्पांनी. ते पूजा आटोपून शेजारी येऊन बसले होते. मी म्हणालो, “अप्पा, रझाकारांच्या वेळी तुम्ही कुठे होता?”

त्यांचा चेहराच बदलला. “रातीच निघालो की. बा पुढं, आई मागं. धाकटा अण्णा बाच्या खांद्यावर. मी मोठा, म्हणून मला चालवलं. काटा मोडला पायात तर आई म्हणली, रडू नको, ऐकतील.” त्यांनी खरंच पाय वर करून तळवा दाखवला. “माझ्या हातात कंदील दिलता. इझलेला.”

पाठचा धाकटा भाऊ असलेलं, अंधारात चालू शकणारं, हातात कंदील धरणारं पोर. अठ्ठेचाळीस साली चार-पाच वर्षांचं तरी होतं. म्हणजे आज सत्तरी पार, आणि दुखणं सुरू झालं ते पासष्टीच्या आसपास. मी त्यांच्यावर संशय घेऊ शकलो नाही. खोटं बोलायलाही आठवण लागते, आणि त्यांच्याकडे आता फक्त खरीच उरली होती.

संध्याकाळी ओसरीवर महादेवीबाई म्हणाल्या, “एक बोलू का सर? इसरणं ह्येंचं नंतर आलं. आधी संशय आला. एवढा भोळा माणूस, आन् माझी बनियन कुणी चोरली, माझं पाणी कुणी सांडलं, म्हणून नोकरावर धावून जायचे. तवाच मला कळायला पायजे होतं.” मग माझ्याकडे बघून, “तुमच्याकडं हाय का असं कुणाला?”

“आमच्याकडे? छे!” मी म्हणालो.

त्या हसल्या. “आमचा भाचा जाऊन आला कोल्हापूरला. तुमच्या शेजाऱ्यांनी सांगितलं, सर हुशार, पण कुणाचा भरवसा धरत न्हाईत.”

म्हणजे चौकशी दोन्हीकडून चालली होती. मीही हसलो. आणि मी तर जन्मापासूनच संशयी, भोळा कधी नव्हतोच, असा मनाचा दिलासा मनालाच दिला. त्या रात्री मुक्काम त्यांच्याकडेच होता. अंग पुसायला टॉवेल शोधला तर बॅगेत वरती नव्हता. लॉजवाल्याने तोही ठेवून घेतला, असं म्हणून मी त्यांचा पंचा वापरला.

नांदेड

परतीची रेल्वे नांदेडहून होती. हातात वेळ होता म्हणून गुरुद्वाऱ्यात गेलो. लंगरात डाळ-रोटी जेवलो. तिथे कुणी कुणाला नाव विचारत नाही, चौकशी करत नाही. माझ्यासारख्याला सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं. गोदावरीकडे चालत गेलो. पात्रात जिथे पाणी असायचं तिथे पोरं क्रिकेट खेळत होती.

स्टेशनवरून सुनंदाला फोन केला. “हो म्हण,” मी सांगितलं. “घर खरं आहे. कात्री सरळ आहे.” तिला कात्रीचं काही कळलं नाही, पण ती रडली. मागून गौरीचा आवाज आला, “मामा, मी सांगितलं होतं ना?”

कोल्हापूर

घरी मी एकटाच असतो. नळाला पाणी होतं, धो धो. पहिल्यांदा ते बघून आनंद झाला, मग थोडी शरम. बॅग रिकामी करायला घेतली. माझी एक सवय आहे. टॉवेल कोरडा असला तर बॅगेत वरच ठेवतो. ओला असला तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून अगदी तळाशी.

तळाशी पिशवी होती. गाठ सोडली आणि कुबट वास आला. टॉवेल अजून दमट होता. लातूरला मी बॅगेतून तो एकदाच काढला असणार, त्या सकाळी.

मी आंघोळ केली होती. बादली मीच रिकामी केली होती. केस ओले होते. आणि हे सगळं मला आजही आठवत नाही. हातातला टॉवेल सांगतो म्हणून ते खरं, नाहीतर मला काहीच ठाऊक नाही.

मी पलंगावर बसलो. भीती वाटली, सरळ सांगतो. आयुष्यभर सगळ्या जगावर संशय घेतला, स्वतःवर घ्यायची ही पहिलीच वेळ होती. एका टॉवेलवरून काही सिद्ध होत नाही, हे मी विद्यार्थ्यांना सांगितलं असतं. पण मुखेडच्या ओसरीवर मला एक प्रश्न विचारला गेला होता आणि मी ‘छे’ म्हणालो होतो. ते लोक आमच्या पोरीला घरात घेणार होते. त्यांच्या घराचा एवढा पंचनामा करून आलेल्या माणसाने हे लपवलं असतं तर मग मी कशाला गेलो होतो?

मी मुखेडला फोन लावला. बादलीपासून टॉवेलपर्यंत सगळं सांगितलं.  पलीकडे पूजेची घंटी वाजत होती.

“तुमचं वय काय सर?” महादेवीबाईंनी विचारलं.

“सदुसष्ट. कागदावरही आणि खरंही.”

“मंग झाडूचं असंल, कात्रीचं न्हाई. तुमीच सांगितलं. पोरीला आमी आणतोच. तुमी उद्या दवाखान्यात जावा, एकटे जाऊ नका.”

“बरं,” मी म्हणालो. 

मग नवऱ्याला विचारावं तशा हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, “घरात भस्म हाय का?”